चिंध्यांची वही

जपानमध्ये ज्या घरांत हातमाग होता, त्या घरांतल्या बायकांकडे बहुधा एक वही असायची. ही वही कोरी नसे. धान्याचा, उसनवारीचा, मजुरीचा हिशेब लिहून भरलेली जुनी चोपडी त्या घेत आणि तिच्या पानांवर कापडाचे तुकडे चिकटवत. एखादा तुकडा टपाल तिकिटाएवढा, एखादा दोन बोटं रुंद आणि चार बोटं लांब. चिकटवायला तांदळाची खळ. आज संग्रहालयांत अशी वही उघडी ठेवलेली असते, तेव्हा निळ्या-तपकिरी तुकड्यांच्या मधल्या फटींतून काळ्या शाईतले जुने आकडे दिसत राहतात. या वहीला शिमाचो म्हणतात, म्हणजे पट्ट्यांच्या कापडाची वही. एदो काळाच्या (१६०३ ते १८६८) उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत अशा वह्या घराघरांत भरल्या गेल्या. सासूची वही सुनेकडे गेली, तिने पुढची पानं भरली. काही वह्यांच्या पुठ्ठ्यावर साल आणि नाव आहे. पुष्कळ वह्यांवर काहीच नाही.

आज जपानी दुकानांत मिळणाऱ्या रुमालांवर बारीक निळे पट्टे असतात, मातकट चौकडे असतात, कधी एकमेकांशेजारी डकवल्यासारखे लहान लहान चौकोन असतात. त्यांतल्या कित्येकांचं मूळ या वह्यांत आणि अशाच जपून ठेवलेल्या तुकड्यांत आहे. रुमालापर्यंत आपण पोचूच. पण आधी तुकड्यापाशी थांबायला हवं, कारण या सगळ्या गोष्टीचा जीव तिथे आहे. दोन बोटांच्या चिंधीत ते अख्खं कापड पुन्हा विणता येईल एवढी माहिती असते, हे त्या बायकांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी चिंध्या सांभाळल्या.

ही माहिती वाचायची कशी? साध्या विणीच्या सुती कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. उभा पट्टा हवा असेल तर रंगांचा क्रम ताण्यातच लावावा लागतो. ताणा एकदा मागावर चढला की पट्टे ठरले, मग धोटा कितीही फिरवा, त्यांत बदल होत नाही. त्यामुळे विणणारीचा खरा विचार माग सुरू होण्याआधीच संपलेला असतो. वहीतला तुकडा समोर धरायचा आणि सुईच्या टोकाने एक एक धागा बाजूला सारत मोजायचं. चार गडद, चार फिकट असा क्रम आला तर ते सेनसुजी. दोन गडद, दोन फिकट असेल तर मानसुजी. मानसुजी हातभर अंतरावरून नुसतं राखाडी-निळं, एकरंगी दिसतं. जवळ आणल्यावर त्यात केसासारख्या रेघा उमटतात. ताण्यासारखाच बाण्यातही दोन-दोनचा क्रम ठेवला की कापडभर तांदळाच्या कणीएवढे चौकडे पडतात, त्याला मिजिन म्हणतात. जाड पट्ट्याला लगटून एक बारीक रेघ असेल तर तो पट्टा लेकुरवाळा. काळसर निळ्यापासून फिकटापर्यंत पायरीपायरीने उतरत जाणारे पट्टे बोनिटो माशाच्या नावाने ओळखले जातात, कारण त्या माशाची पाठ गडद आणि पोट उजळ असतं.

मोजणी झाली की धाग्याची जाडी बोटांत चोळून पाहायची. मग रंग. निळ्याच्याच किती तरी छटा असत. घरी चरख्यावर कातलेलं सूत गावच्या रंगाऱ्याकडे जायचं. त्याच्या निळीच्या रांजणात ते किती वेळा बुडवलं यावर ते आकाशी होणार की रात्रीसारखं गडद, हे ठरे. तपकिरी, पिवळट, करडे रंग झाडांच्या साली उकळून घरीच काढता येत. म्हणजे तुकड्यातून धाग्यांचा क्रम कळला, सुताचा पोत कळला, रंगाचा अंदाज आला. याहून जास्त काही विणणारीला लागत नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ही वही पुरेपूर वाचता येत होती. हिशेबाच्या ज्या ओळींवर तिने तुकडे चिकटवले, त्या कदाचित तिला वाचता येत नसतील.

हे तुकडे नुसते स्वतःच्या कापडाचे नसत. शेजारणीने विणलेलं लुगडंभर कापड मागता येत नाही, पण त्याच्या काठाची बोटभर पट्टी मागता येते. फेरीवाल्याकडच्या कापडाची कातरण, माहेरून आणलेल्या किमोनोचा कोपरा, दुसऱ्या गावच्या जत्रेत दिसलेला पट्टा, असं काहीही वहीत येई. कापडाचे दलालही अशा वह्या बाळगत आणि गावोगावच्या विणकरांना तुकडा दाखवून मागणी नोंदवत. त्यांच्या वह्या नीटनेटक्या, ओळीत चिकटवलेल्या. घरातल्या वह्यांना ती शिस्त नाही. एका पानावर दाटीने बारा तुकडे, पुढच्या पानावर तिरका एकच. मला या घरगुती वह्या जास्त आवडतात. कोणत्या तुकड्यावर त्या बाईचा जीव होता, हे पानावरून कळतं.

सगळं लक्ष पट्ट्यांवरच का, याचं उत्तर कापसात आणि कायद्यात आहे. जपानमध्ये कापूस उशिरा रुजला. इ.स. ७९९ मध्ये मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला एक परदेशी माणूस वाहून आला, त्याच्याकडे कापसाचं बी होतं आणि तो स्वतःला भारतातला म्हणवत असे, अशी नोंद जुन्या राजवृत्तांतात आहे. ते बी पुढच्या वर्षी निरनिराळ्या प्रांतांत पेरलं गेलं, पण टिकलं नाही. कापूस खऱ्या अर्थाने पसरला तो सोळाव्या-सतराव्या शतकांत. तोवर सामान्य माणूस हेंप, रामी अशा वनस्पतींच्या खोडातले तंतू विणून नेसत होता. टिकाऊ, पण थंडीत अंगाला गार लागणारं कापड. त्या अंगांना सुती कापड मिळालं तेव्हा केवढा फरक पडला असेल, याचा विचार करून पाहावा.

कापूस आला, पण मोकळीक आली नाही. शेतकऱ्यांनी रेशीम वापरू नये, सुती आणि हेंपच नेसावं, अशी आज्ञा शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या सरकारने १६२८ मध्ये काढली. नंतरही असे हुकूम निघत राहिले आणि भडक रंगांवरही बंधनं आली. उरलं काय? सूत, नीळ, झाडांच्या साली आणि धाग्यांचा क्रम. नक्षीचं रेशमी कापड विणायला गुंतागुंतीचा माग लागतो. पट्ट्यांना साधा माग पुरतो, फक्त मोजणी चोख हवी. त्या अरुंद वाटेत या बायकांनी एवढे प्रकार शोधले की एका वहीत शेकडो तुकडे असूनही सहसा एक दुसऱ्यासारखा नसतो.

पट्ट्यांची आवड मात्र समुद्रावरून आली होती, आणि तिचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्याला येऊन मिळतो. पोर्तुगीज जहाजं गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जात. १५७१ पासून नागासाकी हे त्यांचं बंदर होतं. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगिजांना हाकललं आणि त्यानंतर युरोपीयांपैकी फक्त डच तिथे उरले, तेही १६४१ पासून देजिमा या छोट्या बेटापुरते. या दोघांनीही भारतीय कापड नेलं. जपान्यांनी त्या कापडांना ती जिथून आली त्या ठिकाणांची नावं दिली. आजच्या चेन्नईतल्या मैलापूरजवळ पोर्तुगिजांची सां तोमे ही वसाहत होती, तिच्यावरून बारीक पट्ट्यांच्या सुती कापडाला सान्तोमे म्हणू लागले. बंगालवरून बेंगारा. आणि चाउ-जिमा नावाचं एक पातळ रेशमी कापड, ज्याच्या सामुराई घेरदार विजारी शिवत, ते आपल्या अलिबागजवळच्या चौलचं. चौल-रेवदंडा तेव्हा पोर्तुगिजांकडे होतं आणि तिथले विणकर रेशमासाठी नावाजलेले होते. रेवदंड्याची तटबंदी आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत उभी आहे. ती पाहायला जाणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं की या गावाचं नाव जपानी शब्दकोशात कापडाच्या नावात टिकून आहे. पुढे चाउ-जिमा क्योतोतही विणलं जाऊ लागलं, पण नाव तेच राहिलं.

सान्तोमेचं तर वेडच लागलं. सूत इतकं बारीक आणि तुळतुळीत की लांबून रेशीम वाटावं. कायद्याने उंची कपड्यांवर बंधनं असलेल्या, पण खिशात पैसे असलेल्या एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, व्यापाऱ्यांना आणखी काय हवं होतं? नक्कल सुरू झाली. देशी नक्कल सान्तोमे आणि अस्सल परदेशी माल तोझान, असा फरक करावा लागला. १८५९ मध्ये बंदरं खुली झाल्यावर यंत्रावर कातलेलं बारीक विलायती सूत मिळू लागलं, तेव्हा एदोजवळच्या कावागोएच्या विणकरांनी त्यातून इतका सरस तोझान काढला की कावागोएचंच नाव त्याला चिकटलं. खेड्यातल्या बाईला हे महाग कापड नेसायला मिळणं अवघड होतं. तिच्या वहीत मात्र त्याची चिंधी येऊ शकत होती आणि चिंधीवरून घरच्या जाड सुतात तिला तो पट्टा उतरवता येत होता. सां तोमेकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या विणकराने लावलेला धाग्यांचा क्रम अशा रीतीने जपानच्या डोंगरातल्या खेड्यात पोचला. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती.

चिंध्या जपणं हे फक्त गरिबांचं काम होतं, असंही नाही. चहाच्या सोहळ्यात चहापूड ठेवण्याच्या मातीच्या डबीला एक छोटी शिवलेली पिशवी असते. तिच्यासाठी चीन, भारत, इराणकडून आलेल्या जुन्या कापडांचे तुकडे वापरत. एकेका तुकड्याला नाव, वंशावळ आणि मालकांची यादी असे. मात्सुएचा सरदार मात्सुदाइरा फुमाई याने १७८९ ते १७९७ या काळात चहाच्या मौल्यवान वस्तूंची जी मोठी सूची प्रसिद्ध केली, तिच्यात कापडाच्या तुकड्यांनाही स्वतंत्र जागा दिली. हिकोनेच्या ई घराण्याने भारतीय छापील सुती कापडांचे ४५० तुकडे जमवले होते. ते आता तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. भारतात दमट हवेने, वाळवीने आणि वापराने जे कापड नाहीसं झालं, त्याचे नमुने पाहायला आपल्या अभ्यासकांना तिथे जावं लागतं. ही गोष्ट मनाला लागते.

सरदाराच्या पेटीतला तुकडा आणि शेतकरणीच्या वहीतला तुकडा यांत मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. पेटीतल्या तुकड्याची किंमत तो दुर्मीळ असण्यात होती. वहीतल्या तुकड्याची किंमत त्यापासून किती कापड विणलं गेलं यात होती.

कापड कसं शिवलं जात होतं, हेही इथे ध्यानात घ्यायला हवं. हाताने धोटा फेकायचा तर कापडाची रुंदी हाताच्या आवाक्याएवढीच, साधारण ३६ सेंटिमीटर. किमोनो या अरुंद पट्ट्यांचे सरळ आयत जोडून शिवतात, वक्र कापणी जवळजवळ नसते. त्यामुळे तो उसवला की पुन्हा सरळ पट्टे हाती येतात. धुवायलाही तो उसवत, पट्टे धुऊन, खळ देऊन, ताणून वाळवत आणि पुन्हा शिवत. विटला की बाहेरची बाजू आत घेत. मग मुलाचा किमोनो, मग अंथरुणाची खोळ, मग लंगोट, मग पायपुसणं. उत्तरेकडे तर कापूस पिकतच नव्हता. ओसाका भागातून जाणारी जहाजं जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचे गठ्ठे घेऊन जपानी समुद्राच्या किनाऱ्याने उत्तरेला जात आणि त्या चिंध्या तिथे विकल्या जात. त्यांच्या बारीक पट्ट्या फाडून बाण्यात घालून विणलेलं जाड कापड म्हणजे साकिओरी. ठिगळावर ठिगळ घालून, पिढ्यान् पिढ्या टाके मारत जाड झालेले कपडे आणि पांघरुणं म्हणजे बोरो. आपल्या गोधडीची आठवण करून देणारी, पण कडाक्याच्या थंडीने भाग पाडलेली. आओमोरीचे संग्राहक तानाका चुझाबुरो (१९३३ ते २०१३) यांनी घरोघरी फिरून हे कपडे जमवले. लोक ते दाखवायला लाजत, कारण ती गरिबीची खूण होती. त्यांनी जमवलेल्या टाक्यांच्या कपड्यांपैकी ७८६ नग १९८३ मध्ये राष्ट्राने महत्त्वाचा लोकवारसा म्हणून जाहीर केले.

चिंधी वाचण्यातून काय घडू शकतं, याची सगळ्यांत सुंदर गोष्ट कुरुमे गावची आहे. इनोउए देन ही मुलगी तिथे १७८८-८९ च्या हिवाळ्यात जन्मली. लहानपणापासून मागावर बसलेली. बारा-तेरा वर्षांची असताना तिला एका जुन्या, विटलेल्या निळ्या कपड्यावर पांढरे ठिपके दिसले. जिथे रंग उडाला होता तिथे ते पडले होते. दुसऱ्या कुणी कपडा टाकून दिला असता. तिने तो धाग्या-धाग्याने सोडवला आणि प्रत्येक धाग्यावर पांढरी जागा नेमकी कुठे आहे ते पाहिलं. मग कोऱ्या सुतावर त्याच अंतराने दोऱ्याने घट्ट गाठी बांधल्या, सूत निळीत बुडवलं, गाठी सोडल्या आणि विणलं. ठिपके परत उमटले. कुरुमे कासुरी या कापडाची सुरुवात अशी सांगतात. धागे बांधून रंगवण्याचं हे तंत्र आपल्याकडे इकत आणि पटोळ्यात आहेच, आणि ते आग्नेय आशियातून ओकिनावामार्गे जपानला आधीच पोचलं होतं. पण त्या मुलीने ते कुणाकडून शिकून घेतलं नाही, एका फाटक्या कपड्यातून काढलं. पुढे तिला चित्रं विणायची होती आणि त्यासाठी मागाची रचना जमेना, तेव्हा गावातल्या एका कल्पक पोराने मदत केली. तो तानाका हिसाशिगे, ज्याला पुढे तोशिबा कंपनीचा मूळपुरुष मानलं गेलं. देन १८६९ मध्ये वारली, तोवर तिने गावातल्या कितीतरी मुलींना हे काम शिकवलं होतं.

कापड नाहीसं झालं आणि तुकडा उरला, असं झालं तर? तांबा प्रांतातल्या साजी भागात, म्हणजे आजच्या ह्योगो जिल्ह्यातल्या आओगाकीत, शेतकरी कुटुंबं एक जाडसर सुती कापड विणत. नीळ, चेस्टनटच्या साली, अल्डरच्या साली यांचे रंग, पट्टे आणि चौकडे. त्याची खूण म्हणजे बाण्यात मधूनमधून टाकलेला न रंगवलेला रेशमी धागा. घरोघरी रेशीमकिडे पाळत, आणि विकता न येणाऱ्या खराब कोषांतून हाताने ओढून काढलेला तो धागा असे. सुताच्या मंद पृष्ठभागावर मध्येच एक पांढरी ओळ चमकून जाते. हे कापड क्योतोत गाद्यांच्या खोळींसाठी विकलं जाई. यंत्रमागाचं स्वस्त कापड आलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बंद पडलं.

यानागी सोएत्सु (१८८९ ते १९६१) यांना ते क्योतोच्या सकाळच्या जुन्या बाजारात सापडलं. अनामिक कारागिरांनी रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंचं सौंदर्य जपानला दाखवून देणारे, १९३६ मध्ये तोक्योत लोककलांचं संग्रहालय उघडणारे ते हेच यानागी. जुन्या खोळींचे तुकडे त्यांनी विकत घेतले, पण ते कुठले हे विक्रेत्यांनाही सांगता येईना. रंगांचे अभ्यासक उएमुरा रोकुरो यांनी माग काढत साजीपर्यंत मजल मारली. यानागींनी त्याला तांबा-नुनो, म्हणजे तांबाचं कापड, असं नाव दिलं. गावात लोक त्याला वेगळ्याच नावांनी ओळखत होते. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते पुन्हा विणायला घेतलं गेलं. हाताशी जुनं कापड होतं, त्याचा अभ्यास होता, आणि मागावर बसलेल्या जुन्या हातांची आठवण होती. १९५७ मध्ये देशाने त्याची दखल जपणूक करण्याजोगी कला म्हणून घेतली आणि १९९८ पासून आओगाकीत ती शिकवणारं केंद्र आहे. कापसातली सरकी काढण्यापासून विणण्यापर्यंत सगळं तिथे हाताने करतात.

आता रुमाल. जपानी माणसाच्या खिशात किंवा पर्समध्ये तो असतोच. शाळेत जाणाऱ्या पोराला आई रोज विचारते, रुमाल घेतलास का? सार्वजनिक स्वच्छतागृहांत हात पुसायला कागद पुष्कळदा नसतो, उन्हाळा दमट असतो. नाक शिंकरायला मात्र तो वापरत नाहीत, त्यासाठी कागदी टिशू. चौकोनी रुमाल मेइजी काळात, १८६८ नंतर, पाश्चात्त्य पोशाखाबरोबर आला. त्याआधी तेनुगुई होती, आणि अजूनही आहे: सुमारे ३५ बाय ९० सेंटिमीटरचा सुती पंचा, दोन्ही टोकं न शिवता सोडलेली. तिच्या नक्षीची हौस एवढी होती की १७८४ मध्ये लेखक-चित्रकार सान्तो क्योदेन याने तेनुगुईच्या नक्षींच्या स्पर्धेचं पुस्तकच काढलं. रुमाल आला तो निर्यातीसाठीही. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात योकोहामाच्या शिइनो शोबेईने रेशमी माल मांडला आणि योकोहामा रेशमी रुमालांचं मोठं केंद्र झालं. कडा हाताने वळून शिवण्याचं आणि कापड छापण्याचं तिथलं कसब पुढे रुमालाच्या आणि स्कार्फच्या धंद्यात टिकलं.

जुन्या तुकड्यावरून रुमाल करण्याची एक जुनी आणि चोख नोंद नारा शहरात आहे. १७१६ पासून तिथे हेंपच्या कापडाचा व्यापार करणाऱ्या नाकागावा मासाशिची यांच्या पेढीने १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या हेंपचा रुमाल पाठवला. त्यावर भरतकामात काढला होता चोचीत फुलाची डहाळी धरलेला पक्षी. ही नक्षी नाराच्याच शोसोइन भांडारातली, जिथे इ.स. ७५६ पासून राजघराण्याच्या वस्तू सांभाळल्या आहेत आणि कापडाचे लाखाच्या वर तुकडे आहेत. आठव्या शतकातल्या चिंध्यांमधला पक्षी विसाव्या शतकातल्या रुमालाच्या कोपऱ्यात उतरला.

आजचे तुकड्यांवरून केलेले रुमाल तीन प्रकारचे असतात आणि त्यांत माझी आवडनिवड स्पष्ट आहे. पहिला छापील. वहीच्या पानाचं चित्र घेऊन सुती कापडावर छापतात, तुकड्यांच्या सुटलेल्या कडा आणि खळीचे डागसुद्धा त्यात येतात. दिसायला गोड, किमतीला हलका. उलटा केला की रंग फिका पडतो. जी वही कधी हातात येणार नाही तिची ओळख तो करून देतो, याचं मोल मी कमी मानत नाही. पण त्यातून कापड पुन्हा विणता येणार नाही. दुसरा रंग ओतून केलेला. कापडाच्या घड्यांवर किटलीसारख्या भांड्याने रंग ओततात आणि खालून तो शोषून घेतात, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या रंगतात. पट्ट्यांच्या कडा किंचित पाझरलेल्या असतात आणि हाताने रंगवलेल्या सुताची थोडी मऊ छटा येते.

तिसरा विणलेला. यात तुकड्यातले धागे खरंच मोजलेले असतात, सूत आधी रंगवून क्रमाने लावलेलं असतं. असं सूत रंगवून विणण्याचं जपानमधलं मोठं केंद्र म्हणजे ह्योगोतलं निशिवाकी. तिथलं बानशू कापड १७९२ पासूनचं, एका सुताराने क्योतोहून आणलेल्या तंत्रावर उभं राहिलेलं. ते काको नदीच्या सौम्य पाण्यावर चालतं, आणि ही नदी उगम पावते वर आओगाकीत, तांबा-नुनोच्या गावी. वर हातमाग, खाली यंत्रमाग, पाणी एकच. यंत्रमागाचा रुमाल हातसुताइतका मायेचा लागत नाही, पण त्यातला पट्टा धाग्यांनी झालेला असतो. भिंग घेऊन बसलं तर दोन गडद, दोन फिकट हे मोजता येतं.

एक तक्रार मात्र या सुंदर रुमालांविषयी मनात राहते. पाकिटावर कंपनीचं नाव असतं, चित्रकाराचं असतं, धुण्याच्या सूचना असतात. मूळ तुकडा कोणत्या गावच्या वहीतला, साधारण कोणत्या काळातला, हे फार क्वचित छापलेलं आढळतं. बाईचं नाव बहुतेक वेळा सापडणार नाही, हे खरं. पण वही ज्या संग्रहालयात आहे तिथे गाव आणि काळ निदान अंदाजाने नोंदलेला असतो, आणि रुमालाच्या चिठ्ठीवर दोन ओळींची जागा निघू शकते. त्यातच धाग्यांचा क्रमही छापावा: ताणा इतके निळे, इतके तपकिरी, बाणा असा. घरात माग असलेल्या कुणालाही मग तो रुमाल समोर ठेवून विणायला बसता येईल.